पैसे घ्यायला पिन लागत नाही

ताई, तुम्ही विकायला काढलेलं शिलाई मशीन घेणारा 'क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणतोय ना, मग तिथंच थांबा. स्कॅन केलं की पिन मागतात, आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

भावाची सायकल विकताना कोल्हापुरात मिरजकर तिकटीला एकानं 'पेमेंट झालं'चा स्क्रीनशॉट नाचवला. मी बँकेचं ॲप उघडलं, शिल्लक होती तेवढीच. कुलपाची किल्ली मुठीतच ठेवली. 'सर्व्हर डाऊन असंल' म्हणत गडी गेला तो गेलाच. एसएमएसवरही विसंबू नका, खोटा पाठवता येतो.

माझ्या मते रोखच बरी, दिवसाउजेडी, घरातलं कुणीतरी सोबत घेऊन. आणि आधीच पिन टाकला असेल तर आत्ता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, बँकेलाही कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.