मदत हवी आहे : कॉलिन पॉवेल यांना कसं तोलायचं?

मंडळी, पॉवेल यांच्यावर एक लेख लिहायला घेतलाय आणि अर्ध्यावर अडकलेय.

पहिला भाग सरळ उतरला. जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, व्हिएतनाममध्ये लढलेला सैनिक, १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी अधिकारी, मग पहिला कृष्णवर्णीय परराष्ट्रमंत्री. पुढे मात्र ५ फेब्रुवारी २००३ येते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचं सांगणारं भाषण, आणि अँथ्रॅक्स या घातक जंतूची पावडर कशी असते हे दाखवायला बोटांच्या चिमटीत धरलेली ती एवढीशी कुपी. एवढ्या पावडरीत काय होऊ शकतं हे ते शांतपणे सांगताहेत, आणि मागे सीआयएचे प्रमुख बसलेत. दीड महिन्यात इराकवर अमेरिकेचं युद्ध सुरू. ज्या शस्त्रसाठ्यांबद्दल ते बोलले, ते इराकमध्ये सापडलेच नाहीत.

माझं घोडं अडतंय ते इथे. भाषणाच्या मसुद्यातले काही दावे कच्चे आहेत, असं त्यांच्याच खात्यातल्या विश्लेषकांनी आधी कळवलं होतं. २००२च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतः अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना युद्धाच्या परिणामांबद्दल सावध केलं होतं. मग राजीनामा का नाही? 'सैनिक आज्ञा पाळतो' हे उत्तर मला पटत नाही. मंत्री काही शिपाई नसतो. पुढे त्यांनी या भाषणाला आपल्यावरचा डाग म्हटलं, पण त्या कबुलीला वजन किती द्यायचं? (इराकी माणसाने वाचलं तर काय म्हणेल, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.)

तुम्ही लेखाची सुरुवात कुपीपासून केली असती की शेवट? आणि त्यांच्या बाजूने ठोस मुद्दा असेल तर तोही सांगा, मला तोच कमी पडतोय.