नववीला पाच विषय, सहा की सात? सोमवारी कागद द्यायचाय

कर्लीकाठ
मुलगी नववीत. शाळेने विषयांचा कागद घरी पाठवलाय, सोमवारी सही करून परत द्यायचा. पाच विषयांत भागतं, सहा घेता येतात, सातही घेता येतात म्हणे. क्लासचे सर सांगतात पाचच घ्या, बाकी डोक्याला ताप. वर्गातल्या बहुतेकांनी सात भरलेत. आमचे हे जहाजावर. नेटवर्क मिळालं की दोन मिनिटं बोलणार आणि "तू बघ" म्हणणार. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सरळ आकडा सांगा. "मुलीला काय आवडतं ते विचारा" हे कृपया लिहू नका. विचारलं. तिला काहीच आवडत नाही.

खारेपाटण
बोर्ड कुठलं?

हेडसर_निवृत्त
ताई, आपल्या दहावीला निवड अशी फारशी नसतेच. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि हिंदी किंवा संस्कृत. सहा विषय, सहाशे गुण. टक्केवारी काढताना त्यातले उत्तम पाच धरतात, २०१० पासून. त्या वर्षी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उचलून धरला, त्या भानगडीत अकरावीचे प्रवेश कसे लटकले होते ते मी खुर्चीत बसून पाहिलंय. तुमच्या क्लासच्या सरांनी याच 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा घोळ घातलेला दिसतो. मोजतात पाच, पण पास सहांत व्हावं लागतं. तेव्हा पाच घ्या हा सल्लाच चुकीचा.

राजापूरची_गंगा
पूर्ण संस्कृत घ्या, शंभर मार्कांचं. डोळे मिटून. हिंदीत निबंध कितीही चांगला लिहा, मार्क कापतातच. संस्कृतात उत्तर बरोबर असेल तर पैकीच्या पैकी. माझ्या दोन्ही मुलींची टक्केवारी संस्कृतनेच वर नेली.

मालवणी_खाजा
आणि शिकवतलो कोण? आमच्या शाळेत संस्कृतचे सर बदलून गेले, मगे गणिताच्या बाईंनी गाईड बघून शिकवल्यानी. पोरां रूपां पाठ करून जमीनदोस्त. त्यापेक्षा संयुक्त बरा, पन्नास हिंदी पन्नास संस्कृत.

राजापूरची_गंगा
संयुक्त म्हणजे धड ना हे ना ते. दोन भाषांची व्याकरणं करायची आणि मार्क एकाचेच.

रंगपेटी
इंटरमिजिएट दिली का तिने? ए ग्रेडला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. विषय किती यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि पालक नेमकं हेच विसरतात. प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला हवा. आमच्याकडे कारकुनाने कपाटातच ठेवला होता.

कर्लीकाठ
चित्रकला नको हो. आकडा विचारलाय. संस्कृत कागदावर आहेच, शंभरचं की पन्नासचं ते लिहिलेलं नाही. नुसते नंबर आहेत. १८४, १२२, मग ०४१ / २४१ यातल्या एकावर खूण करा, ०८६, ०८७. त्याखाली ४०२ आणि ००९, त्यांच्यापुढे रिकामे चौकोन. आता सांगा.

खारेपाटण
म्हणून आधी बोर्ड विचारलं होतं. हे सीबीएसईचे विषय क्रमांक आहेत.

कर्लीकाठ
हो, सीबीएसईच. पण विषय ते विषय. बोर्डाने काय फरक पडतो?

हेडसर_निवृत्त
इतका फरक पडतो की माझा वरचा प्रतिसाद तुम्ही वाचलाच नाही असं समजा. इंटरमिजिएटचे गुणही राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेतच मिळतात. मात्र बोर्ड न विचारता क्लास काढून बसलेल्या सरांबद्दलचं माझं मत कायम आहे.

खारेपाटण
ताई, आता नीट सांगतो. १८४ इंग्रजी, १२२ संस्कृत, ०४१ किंवा २४१ गणित, ०८६ विज्ञान, ०८७ सामाजिक शास्त्र. हे पाच सक्तीचे. म्हणजे तुमचे क्लासवाले तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पाचात दहावी होते. ४०२ म्हणजे आयटी, कौशल्य विषय, तो सहावा. ००९ मराठी, तो तुमच्या कागदावर सातवा. दोन्ही ऐच्छिक.

सहावा का घ्यायचा तर तो गाडीच्या स्टेपनीसारखा आहे. गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला एक विषय गेला आणि आयटीत पास असेल, तर गेलेल्या विषयाच्या जागी आयटी धरून मुलीला पास करतात. आयटीची लेखी परीक्षा ५० ची, उरलेले ५० प्रात्यक्षिकाचे. बाकी विषयांना ८० लेखी आणि २० शाळेच्या हातात. त्यामुळे बेताच्या मुलांनाही आयटी झेपतो. पास व्हायला ३३ टक्के.

मालवणी_खाजा
थांबा थांबा. कुडाळातल्या चेडवाक मराठी सातव्या नंबराचो विषय?? आणि तो पण 'ऐच्छिक'? मराठी सक्तीचा कायदो झालो तो खंय गेलो?

राजापूरची_गंगा
+१. लाज वाटायला हवी शाळेला.

खारेपाटण
कायदा २०२० चा. त्याप्रमाणे सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. शिकवणं. बोर्डाच्या परीक्षेच्या पाच विषयांत मराठी असलीच पाहिजे असं नव्हे. शाळा तास घेते, शाळेतच मूल्यमापन करते आणि बोर्डाला संस्कृत पाठवते.

मालवणी_खाजा
म्हणजे कागदार सक्ती. आणि हिंदी पहिलीपासून आणूक निघालेले ते मात्र जोरात. बरा झाला जीआर मागे घेवचो लागलो.

अलिबागकर
हिंदीचा प्रश्न इतका सोपा नाही. पर्यटकांशी बोलणार कुठल्या भाषेत? आमच्याकडे किहीमला अर्धं गाव हिंदीवर जेवतं.

मालवणी_खाजा
पर्यटकाक मालवणी शिकवा. तिसऱ्या दिवशी सोलकढी मागता बरोबर.

रत्नांग्री
भांडताय कशाला, बोर्ड कुठलंही असो, कोकणातली पोरं हुशारच. दहावीला कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के.

अलिबागकर
त्या 'कोकण विभागात' फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. रायगड मुंबई विभागात टाकलंय. आम्ही काय देशावरचे?

संपादक
तिसरी भाषा, सोलकढी आणि रायगडाचा कोकणातला समावेश यांसाठी वेगळे धागे काढा. पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

कर्लीकाठ
धन्यवाद संपादक. मला अजून आकडा मिळालेला नाही. सात घेतले तर टक्के वाढतात का? शेजारीण म्हणते सातातले उत्तम पाच धरतात.

दर्यासारंग
ताई, मुळात शाळाच कशाला? मुक्त विद्यालयातून करा. एनआयओएसला पाच विषय, गणित घेतलंच पाहिजे असंही नाही. माझा मुलगा पोहण्याच्या स्पर्धांना जातो, त्याला तेच सोयीचं पडलं. सकाळी तारकर्लीला सराव, दुपारी अभ्यास. शाळेची कटकटच नाही.

हेडसर_निवृत्त
त्यांनी शाळा सोडण्याबद्दल विचारलेलं नाही. आणि गणित टाकून द्यायचा सल्ला जपून द्यावा. वडील जहाजावर आहेत, मुलीलाही उद्या त्या वाटेने जावंसं वाटलं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतं.

कर्लीकाठ
ती जहाजावर जाणार नाही. तिला गुहागरच्या लाँचमध्येही उलटी होते.

खारेपाटण
टक्क्यांचं सांगतो. सीबीएसई एकूण टक्केवारी छापतच नाही, विषयवार गुण आणि श्रेणी देते. पाचांहून जास्त विषय असतील तर कुठले पाच धरायचे ते पुढे प्रवेश देणारं कॉलेज ठरवतं. बोर्डाचं म्हणणंच तसं आहे. तेव्हा शेजारीण 'धरतात' म्हणते ते कोण धरतं, हे तिला विचारा. अकरावी तुम्हाला कुठे करायची आहे त्या कॉलेजचं माहितीपत्रक बघा. शास्त्र शाखेला काही जण आयटीचे गुण धरत नाहीत.

राजापूरची_गंगा
पण मराठी घ्यावंच. घरचीच भाषा, अभ्यास न करता सत्तर-ऐंशी कुठे गेले नाहीत. शिवाय इंग्रजी गेलं तर त्याच्या जागी मराठी धरतील, म्हणजे तिथेही संरक्षण.

खारेपाटण
हे चूक आहे आणि यावर विसंबून कागद भरू नका. भाषेच्या जागी जादा घेतलेली भाषा धरतात हे खरं, पण बदल केल्यावर पास झालेल्या भाषांत हिंदी किंवा इंग्रजी यातली एक उरली पाहिजे. ताईंच्या मुलीकडे हिंदी नाहीच. इंग्रजी गेलं आणि मराठी आत आणली तर हातात संस्कृत आणि मराठी. चालणार नाही. मराठीचा उपयोग फक्त संस्कृत गेलं तर. संस्कृतची भीती आहे का तिला?

राजापूरची_गंगा
संस्कृतात कोणी नापास होत नाही.

मालवणी_खाजा
मी झालंय.

कर्लीकाठ
संस्कृत बरं आहे तिचं. भीती गणिताची. आठवीला ८० पैकी ३१. भूमितीत तर वर्तुळ काढून खाली "सिद्ध करता येत नाही" असं लिहून आली होती. त्या २४१ वर खूण करू का मग?

मास्तरीण_वेंगुर्ला
मी सीबीएसईत गणित शिकवते म्हणून लिहिते. ०४१ स्टँडर्ड, २४१ बेसिक. अभ्यासक्रम दोन्हीचा सारखाच, वर्गही एकच, फरक पेपरच्या काठिण्याचा. बोर्डाकडे ही निवड पक्की जाते ती दहावीत, परीक्षार्थींची यादी पाठवताना. नववीत शाळा विचारते ती स्वतःच्या सोयीसाठी. तेव्हा सोमवारी कुठेही खूण केली तरी आभाळ कोसळत नाही.

बेसिक घेऊन अकरावीला गणित घेण्यावर मुळात बंधन होतं, मधल्या वर्षांत बोर्डाने सवलत दिली. तिला पुढे गणित हवं असण्याची जरा जरी शक्यता असेल तर दहावीच्या सुरुवातीला त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या.

सहावा नक्की घ्या. गणितात ३१ असलेल्या मुलीला आयटी न देणं मला तरी पटत नाही. फक्त एक बघा. कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन किती यंत्रं चालतात ते डोळ्यांनी बघून या. ५० मार्कांचं प्रात्यक्षिक आहे, वही आहे, प्रकल्प आहे. काही ठिकाणी दहा कॉम्प्युटर झाकून ठेवलेले असतात आणि पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त ऑफिसला. शिकवणारे सर कायम आहेत की दर सहा महिन्यांनी नवे, तेही विचारा.

सातव्याचं म्हणाल तर वर्गातल्यांनी भरला हे कारण पुरेसं नाही. जादा पेपर, जादा अंतर्गत मूल्यमापन, आणि तुमच्या बाबतीत फायदा जवळपास शून्य. तिला मराठी वाचायची गोडी असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्हीच लिहिलंय तिला काही आवडत नाही.

क्लासवाले_काका
इतकी वर्षं क्लास चालवतोय. सहावा विषय मुलांचा वेळ खातो. गणिताला रोज दोन तास दिले तर स्टेपनी लागतच नाही.

मास्तरीण_वेंगुर्ला
रोज दोन तास कुठे, तुमच्या क्लासमध्येच ना?

क्लासवाले_काका
कुठेही.

हेडसर_निवृत्त
आणखी एक. नववीत नोंदणी झाली की दहावीत विषय बदलायला बोर्डाची परवानगी लागते, कारण द्यावं लागतं, मुदत असते. म्हणून सोमवारच्या कागदाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. शाळेच्या ऑफिसातून दहावीला "तुम्हीच भरलं होतं" असं ऐकवलेले पालक मी कमी पाहिले नाहीत.

कर्लीकाठ
सहा भरते. ४०२ वर खूण, ००९ रिकामं. लॅब बघायला सोमवारी सकाळीच जाते, कागद तिथूनच देईन. गणिताचं दहावीत बघू. २०२६ पासून सीबीएसईची दहावी वर्षातून दोनदा असं व्हॉट्सअॅपवर आलंय, ते खरं का?

मास्तरीण_वेंगुर्ला
खरं आहे. पहिली फेब्रुवारीत, ती सगळ्यांना द्यावीच लागते. दुसरी मे मध्ये, ज्यांना हवी त्यांना, तीन विषयांपर्यंत गुण सुधारायला. गणितवाल्यांना बरं आहे.

मालवणी_खाजा
मे महिन्यात परीक्षा? आंबे काढतलो कोण?

संपादक
शेवटचा इशारा.

सागवे_बंदर
धागा वाचला नाही, थेट विचारतो. माझा मुलगा अकरावीत आहे, त्याला किती विषय घ्यावेत? लवकर सांगा, उद्या शेवटची तारीख.

खारेपाटण
बोर्ड कुठलं?