जुने ठाणे : क्लस्टर, की घराघराची दुरुस्ती?

धागाकर्ता
किसननगरमध्ये क्लस्टरचे, म्हणजे अनेक इमारती एकत्र पाडून वस्ती नव्याने बांधण्याच्या नागरी पुनरुत्थान योजनेचे, काम सुरू झाल्यापासून जांभळी नाका, खारकर आळी आणि चेंदणी या जुन्या ठाण्यालाही तीच योजना लावावी, असे बोलले जाते. माझा त्याला विरोध आहे. ज्या वस्तीत अनधिकृत इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत आणि अग्निशमन दलाची गाडी आत शिरू शकत नाही, तिथे किमान १०,००० चौरस मीटरचा पट्टा मोकळा करून ४ चटईक्षेत्र निर्देशांकाने (म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम करून) नव्याने बांधणे समजण्यासारखे आहे. जुन्या गावाची घडण मात्र वेगळी आहे. कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलावाकाठचे चर्च, १८७९ चे सिनेगॉग, १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, हे सारे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. जांभळी नाक्यावर खाली पेढी, माळ्यावर गोदाम आणि मागे बिऱ्हाड अशी घरे अजून आहेत. तिथला धंदा रस्त्याला लागलेल्या ओट्यावर आणि हातगाडीवर चालतो. तो पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या चौथऱ्यासारख्या बांधकामाच्या, दुसऱ्या मजल्यावर चालणार नाही. घर जपणाऱ्या मालकाला वारसा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) द्यावा आणि न वापरलेले बांधकामाचे हक्क त्याने दुसरीकडे विकावेत, हा मार्ग अहमदाबादने पोळांमधील, म्हणजे जुन्या शहरातील दाट वस्त्यांमधील, जुन्या घरांसाठी स्वीकारला आहे.

खारकर आळीतील भाडेकरू
आपले म्हणणे तलावपाळीवर फेरी मारताना पटते, घरात शिरल्यावर नाही. आमच्या जिन्याला दोन वर्षांपासून लाकडी टेकू लावले आहेत, तुळई वाळवीने पोखरली आहे आणि सामाईक संडासासमोर सकाळी रांग लागते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेले भाडे आजही महिन्याच्या भाजीच्या खर्चापेक्षा कमी भरते, तेव्हा मालक दुरुस्तीला हात का घालील? मुंबई शहरात उपकरप्राप्त इमारतींसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी, निदान दुरुस्ती मंडळ आहे; ठाण्यात तेही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातील जुनी इमारत कोसळून १२ जणांचा जीव गेला, तो वारसा जपण्याचा अभाव नव्हता, पैशाचा होता. शिवाय टीडीआर मालकाच्या नावावर जमा होतो. भाडेकरूच्या हाती काय पडते, ते आपण लिहिलेच नाही. भेंडी बाजारात सुमारे १६.५ एकरांवर ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्र पुनर्विकास चालू आहे आणि भाडेकरूंना मालकीची घरे मिळत आहेत. मग आम्हालाच कौलांची शोभा का?

स्थापत्य अभियंता
एक मुद्दा दोघांकडूनही राहिला. धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत ‘सी-१’ म्हणजे पाडायची इमारत आणि ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. या दोन शिक्क्यांमधील फरक करोडोंचा असतो, म्हणून एकाच इमारतीचे दोन संरचनात्मक लेखापरीक्षकांचे (इमारतीची मजबुती तपासणाऱ्यांचे) दोन वेगळे अहवाल निघालेले पाहायला मिळतात. चुन्यातील भिंत आणि सागवानी तुळई यांना सिमेंटच्या इमारतीचे निकष लावले, की जवळजवळ प्रत्येक जुने घर सी-१ ठरते. तुळई बदलता येते. पण ते काम जाणणारे सुतार आता शोधावे लागतात.

धागाकर्ता
भाडेकरूचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर क्लस्टर नव्हे. टीडीआर टप्प्याटप्प्याने द्यावा : पहिला हप्ता छप्पर आणि जिना पूर्ण झाल्यावर, शेवटचा सर्व भाडेकरू परत राहायला आल्याचा दाखला मिळाल्यावर. नोंदणीकृत करारात प्रत्येकाचे मोजलेले क्षेत्रफळ लिहावे. भेंडी बाजाराचे उदाहरण इथे लावताना एक गोष्ट विसरली जाते. तिथे नफ्याचे गणित न मांडणारा धर्मादाय न्यास पुढे आला. आपल्याकडे तसे कोण आहे? विकासक आला, तर विक्रीच्या सदनिका तलावाकडे तोंड करून आणि आपल्या मागच्या बाजूला, हे समजून असावे.

खारकर आळीतील भाडेकरू
हप्त्यांची कल्पना कागदावर ठीक आहे. पण दुरुस्तीची दोन वर्षे आम्ही राहायचे कुठे? संक्रमण शिबिर घोडबंदरला मिळाले, तर माझ्या आईचे रोजचे कौपिनेश्वर सुटेल आणि वडिलांचे दुकानही. चालत पोहोचता येईल अशा अंतरावर, महापालिकेच्या रिकाम्या जागेत तात्पुरती घरे आधी बांधून दाखवा. मग मी टीडीआरच्या बाजूने सही करायला तयार आहे.