शब्दचर्चा: हिल्डोसेरसला 'शाळिग्राम' म्हणावं का?

— इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जीवाश्मांवर लेख लिहितोय. त्यात यॉर्कशरमधल्या व्हिटबीचा 'हिल्डोसेरस' हा अमोनाइट (वेटोळ्या कवचाचा, आता विलुप्त झालेला समुद्री प्राणी) आहे. सरळ 'शाळिग्राम' लिहिलं तर? संपादक म्हणतात, 'शंख' लिहा.

— शाळिग्राम नको. बरेचसे शाळिग्राम अमोनाइटचेच, हे खरं. पण नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या काळ्या गोट्यांचं ते नाव. तुळशीच्या लग्नात पाटावर बसतो तो देव. यॉर्कशरच्या कड्यातून निघालेला दगड शाळिग्राम कसा? 'शंख' तर त्याहून वाईट. शंख गोगलगायीच्या गोतातला, अमोनाइट माकुळाच्या. कवचात ओळीनं कप्पे असायचे आणि प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा. अमोनाइट म्हणा, नाहीतर नुसतं कवच म्हणा.

— लेखात नावाची गोष्ट जरूर घ्या. सातव्या शतकात व्हिटबीचा मठ चालवणारी संत हिल्डा. तिनं तिथले साप दगड करून टाकले, अशी दंतकथा. किनाऱ्यावर वेटोळी मिळायची पण फणा ना डोकं, तेव्हा विकणारे चक्क डोकी कोरून द्यायचे! अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ अल्फियस हायट यांनी १८६७ साली या अमोनाइटला हिल्डाचंच नाव दिलं. 'सेरस' म्हणजे ग्रीकमधलं शिंग. 'अमोनाइट'सुद्धा शिंगांवरूनच: इजिप्तच्या आमोन देवाला मेंढ्याची शिंगं दाखवतात.

— 'प्रजाती' जपून वापरा. शाळेच्या पुस्तकात कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे. वर्तमानपत्रं जातीलाच प्रजाती करून मोकळी होतात. हिल्डोसेरस ही प्रजाती, 'हिल्डोसेरस बायफ्रॉन्स' ही तिच्यातली एक जाती. आणि 'नामशेष' मला तरी खटकतं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. नाव आपण काल ठेवलं, शेष आहे ते कवच! 'विलुप्त' बरा.

— पटलं. बायफ्रॉन्सच्या वर्णनात अडलोय. बाजूवर वेटोळ्याबरोबर फिरणारी खोबण आहे, तिच्याबाहेर वाकड्या उठावदार रेघा. कंगोरे म्हणू?

— रेघांना 'फासळ्या' म्हणा, विळ्यासारख्या वाकलेल्या. कंगोरे बाहेरच्या कडेसाठी ठेवा: तिथे तीन कंगोरे आणि त्यांच्या मधून दोन पन्हळी. 'खोबण' बाजूवरचीच राहू दे, म्हणजे वाचकाचा घोळ होणार नाही.