वैयक्तिक ईमेल, फायली आणि ब्लॉग क्लाउडवर न्यावेत का?

मूळ लेखन (धरमपेठ)

ईमेल घरच्या संगणकावर उतरवून ठेवायची, फायली हार्ड डिस्कवर साठवायच्या आणि ब्लॉगसाठी भाड्याचा सर्व्हर स्वतः सांभाळायचा, ही पद्धत आता सोडून द्यावी आणि हे सगळे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांवर न्यावे, असे माझे ठाम मत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. तेव्हा परिचयातल्या एका कुटुंबाची हार्ड डिस्क आणि तिच्याच खालच्या कप्प्यात जपून ठेवलेली तिची प्रत, दोन्ही एकाच चिखलात गेल्या. प्रत काढलेली होती. पण तीही त्याच छताखाली होती. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये एकाच फायलीच्या प्रती निरनिराळ्या यंत्रांवर असतात आणि एखादी डिस्क निकामी झाली तर आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याला लिहायचे आहे, त्याने वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीचे सुरक्षा अपडेट बसवण्यात आपल्या संध्याकाळी का घालवाव्यात?

प्रतिसाद १ (महाल)

आपले पुराचे उदाहरण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. सेवादात्यांचे निर्णयही पुरासारखेच येतात, आणि तेथे आपला आवाज कोणी ऐकत नाही. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांची सेवा बंद केली आणि असंख्य लोकांनी हौसेने उभारलेली पाने गेली. पोस्टरस ही ब्लॉगसेवा ट्विटरने विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ रोजी बंद केली. गुगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. आता ईमेल, फायली आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी मोफत मिळतात, पुढे पैसे मोजायचे. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला आहे. बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराला निदान समोर उभे राहून जाब विचारता येतो. येथे खाते बंद पडले तर दाद मागायला माणूसच सापडत नाही. आपली पत्रे ज्याच्या ताब्यात आहेत तोच त्यांचा मालक, असे मी मानतो.

प्रतिसाद २ (मानेवाडा)

दोन अडचणी येथे सांगणे मला आवश्यक वाटते. वडिलांचे जुने लेखन श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, म्हणजे युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत रुळण्यापूर्वीच्या. त्या फायली ड्राइव्ह या गुगलच्या साठवणसेवेवर चढल्या खऱ्या, पण उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग दिसते आणि शोधखिडकीत मराठी शब्द टाकला तर काहीही सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालून मगच त्या चढवाव्या लागतात.

दुसरी अडचण याहून फसवी आहे. गुगल डॉक्स या ऑनलाइन लेखनसाधनात लिहिलेला लेख संगणकावरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फायलीसारखा दिसतो. तो पेनड्राइव्हवर घेतला की प्रत झाली असे वाटते. प्रत्यक्षात त्या फायलीत मजकूर नसतो, ऑनलाइन लेखाकडे नेणारा दुवा तेवढा असतो. मजकूर हवा असेल तर तो वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात मुद्दाम उतरवून घ्यावा लागतो.

प्रतिसाद ३ (प्रतापनगर)

माझा मूळ लेखनाला पाठिंबा आहे. माझ्या आईकडे संगणक नाही, फक्त फोन आहे. तो हरवला तर नव्या फोनवर तिचे सगळे परत यावे, एवढीच तिची गरज आहे आणि ती क्लाउडच भागवते.

मूळ लेखकाचे उत्तर (धरमपेठ)

महालच्या मित्रांनी दिलेल्या घटना खऱ्या आहेत, तरीही ईमेलबाबत मी तसूभरही मागे हटणार नाही. घरच्या ब्रॉडबँडवरून चालवलेल्या सर्व्हरची पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि असे पत्र न पाठवल्यासारखेच असते. त्यावर उपाय म्हणजे स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःचे नाव, घ्यावे आणि टपाल मात्र क्लाउडवर ठेवावे. सेवा आवडली नाही तर डोमेनची एमएक्स नोंद (टपाल कोणत्या सर्व्हरकडे जावे हे सांगणारी) बदलून दुसरीकडे जाता येते आणि पत्ता तोच राहतो. जीमेलवरची जुनी पत्रे गुगल टेकआउट या आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून एमबॉक्स या पत्रसंग्रहाच्या फाइल-स्वरूपात मिळतात. ती थंडरबर्ड या संगणकावरच्या ईमेल प्रोग्राममध्ये वाचता येतात.

ब्लॉगबद्दल मात्र मला आपले म्हणणे पटते. ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉगसेवेवरून उतरवलेल्या एक्सएमएल (मजकूर साठवण्याचे एक स्वरूप) फायलीत लेख आणि प्रतिक्रिया असतात, छायाचित्रे नसतात. ती वेगळी उतरवून ठेवली पाहिजेत. मानेवाड्याच्या मित्रांनी सांगितलेली दुव्याची गोष्ट तर प्रत्येकाने आजच तपासून पाहावी.

प्रतिसाद ४ (महाल)

डोमेनचेही नूतनीकरण करावेच लागते. माझ्यानंतर ते कोण करणार? मुदत टळली की तेच नाव दुसरा कोणी विकत घेऊ शकतो, आणि मग माझ्या पत्त्यावरची पत्रे त्याच्याकडे जातील. आपला मार्ग बरा आहे, पण घरातल्या एकाला तरी नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड ठाऊक असल्याशिवाय तो पुरा होत नाही. माझी मूळ प्रत घरीच राहील. दुसरी अमरावतीच्या बहिणीकडे ठेवतो आहे.