टूल व्हॅनची फ्रँचायझी: आधीचे निवृत्त झाले की तोट्यात गेले, कसं ओळखू?

गॅरेजच्या दारात जाऊन स्पॅनर-सॉकेट विकणाऱ्या व्हॅनची फ्रँचायझी घेतोय, भोसरी-चाकण रूट. आधीचे काका वयामुळे सोडतायत म्हणे. जीएसटी रिटर्न पाहिले, विक्री बरी आहे. पण वहीत गॅरेजवाल्यांची उधारी पानंच्या पानं! तीन वर्षांत किती जणांनी सोडलं विचारलं, तर कंपनीने नुसता एकूण आकडा दिला. अमेरिकेत हस्तांतर, रद्द करार, नूतनीकरण न झालेले असा तीन वर्षांचा तपशील आधीच द्यावा लागतो. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही. दोन चालू फ्रँचायझीवाल्यांना भेटलो, तेही कंपनीनेच सुचवलेले. टोकन अजून दिलेलं नाही. वयामुळे सोडणारे आणि बुडून सोडणारे वेगळे कळायला कंपनीकडून लेखी नेमकं काय मागू?