पाचशे अल्बमची यादी: नेमाने संपवावी की नादाला लागू नये?

तळ्यातमळ्यात
रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाने २००३ साली सर्वोत्तम पाचशे अल्बमची यादी छापली. २०१२ ला थोडी डागडुजी झाली आणि २०२० ला नव्याने मतं मागवून ती बरीचशी उलटीपालटी केली. मी सध्या ही २०२० ची यादी खालून वर ऐकतेय. पाचशेव्या नंबरवर आर्केड फायरचा 'फ्युनरल' आहे, तिथून सुरुवात केली.

मी जाणकार वगैरे अजिबात नाही. रेडिओ, मग कॅसेट, मग फोन एवढाच अभ्यास. इंग्रजी म्हणजे ॲबा, बोनी एम आणि मायकल जॅक्सन. नियम एकच ठेवलाय: अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने, आवडो न आवडो. मधलं गाणं उडवायचं नाही. घरात यावर "याचे पैसे देतं का कोणी?" इथपासून चेष्टा चालू आहे.

माझं म्हणणं असं की ॲपच्या भरवशावर राहिलं तर ते मला माझंच ताट परत वाढतं. काल एक गझल ऐकली की आज दहा गझला हजर. यादीला मी कोण हेच माहीत नाही, हा तिचा मोठा गुण. नाहीतर नायजेरियाच्या फेला कुटीचा १९७५ चा अल्बम मी कशाला लावला असता? अख्ख्या अल्बममध्ये गाणी दोनच, दोन्ही दहा मिनिटांच्या वरची. बराच वेळ नुसता ताल आणि ब्रासची पितळी वाद्यं, गायक आपला सावकाश उगवतो. तोवर माझी कणीक मळून झाली होती आणि मी ओट्यापाशी उगाच उभी होते. (अल्बमच्या नावामागची गोष्ट सांगत नाही, कोणी जेवताना वाचत असेल.)

तर प्रश्न असा की माझ्यासारख्या सटरफटर ऐकणारीने यादी निष्ठेने पूर्ण करावी, की हे नुसतं टिकमार्क करणं आहे?

मध्यलय
टिकमार्कच आहे. राग मानू नका.

पाचशे अल्बम एकेकदा ऐकणं म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजवर उभं राहून पाचशे लोकांशी हात मिळवणं. सगळे भेटले, ओळख एकाशीही झाली नाही. किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची रेकॉर्ड घ्या. कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. त्यातल्या 'सहेला रे' या बंदिशीत त्या गंधारावर कशा येतात ते कळायलाच मला काही वर्षं लागली, आणि तेही अर्धंमुर्धं कळलंय. सरासरी पाऊण तास धरला तरी पाचशे अल्बमचे पावणेचारशे तास होतात. तेवढ्या वेळात पाच रेकॉर्ड मुरवा. कानाला वळण लागेल.

रविवारची_झोप
पावणेचारशे तास म्हणजे एक मराठी मालिका, अडीच वर्षं. त्यावर कोणी "वेळ वाया" म्हणून धागा काढत नाही.

भरतवाक्य
मध्यलय यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. मुळात ही यादी कोणाची?

२००३ च्या यादीतले पहिले दहा काढून बघा. चार बीटल्सचे, दोन बॉब डिलनचे, उरलेल्यात बीच बॉइज, रोलिंग स्टोन्स आणि क्लॅश. कृष्णवर्णीय म्हणून एकटे मार्विन गे, सहाव्या नंबरवर. बाई एकही नाही. तेव्हा पहिल्या नंबरला बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' होता. २०२० ला तोच अल्बम चोविसावा, आणि मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला. तिसऱ्या नंबरवर जोनी मिचेल, दहाव्यावर लॉरिन हिल. सतरा वर्षांत रेकॉर्डवरचा एक सूर तरी हलला का? मत देणारे बदलले, एवढंच. म्हणजे तुम्ही निष्ठा वाहताय ती संगीताला नाही, एका मासिकाच्या त्या त्या वर्षीच्या मूडला.

चहाबाज
धागा शंभरी गाठणार. खुर्ची आणि चहा घेऊन बसलोय.

एडिसनकर
भरतवाक्य, मूड म्हणून उडवून लावू नका. २०२० ला तीनशेहून जास्त लोकांनी मतं दिली. गायक, निर्माते, समीक्षक, त्यात बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश सगळ्या आल्या. प्रत्येकाने आपापले पन्नास अल्बम क्रमाने द्यायचे आणि गुणांची बेरीज करायची. अशा बेरजेत पहिला येणारा अल्बम कोणाचाही जीव की प्राण असेलच असं नाही. तो पुष्कळांच्या पन्नासात असतो म्हणून वर येतो. तेव्हा नंबर विसरा, नावं तेवढी घ्या. आधीच्या यादीच्या पहिल्या दहात बायका नव्हत्या हे खरं, म्हणून तर नवी काढली ना? चूक दुरुस्त केली तरी ओरडणार, नाही केली तरी ओरडणार.

'व्हॉट्स गोइंग ऑन' खरंच कधीतरी नीट ऐका. १९७१ चा, नऊ गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. मार्विन यांचा भाऊ व्हिएतनामहून परत आला होता, त्याने सांगितलेल्या गोष्टी त्यात आहेत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना शीर्षकगीत मुळीच पसंत नव्हतं. त्या गाण्यात मार्विन स्वतःशीच दुहेरी गातोय असं वाटतं, ते ठरवून केलेलं नाही. दोनदा गाऊन केलेले वेगवेगळे टेक निवडीसाठी एकत्र टेपवर घेतले होते, ते चुकून एकदम वाजले आणि त्यांना तेच आवडलं. हेडफोन लावा, एक आवाज दुसऱ्याच्या किंचित मागून येतो. पुढे अख्ख्या अल्बमभर त्यांनी तीच युक्ती वापरली. यासाठी यादी, भाऊ. इथे अमेरिकेत इतकी वर्षं काढली, तरी यादीत दिसेपर्यंत मला हा ऐकायची बुद्धी झाली नव्हती.

तळ्यातमळ्यात
@मध्यलय, तुम्ही 'सहेला रे' पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा ते कोणीतरी तुमच्या हातात दिलं असणारच. वडील, गुरुजी, शेजारचे काका. माझ्याकडे असे काका नाहीत. यादी हेच माझे काका. पाच मुरवा म्हणता, पण कुठले पाच हे पाचशे चाखल्याशिवाय कळणार कसं?

@भरतवाक्य, मूड तर मूड. दिवाळी अंकही संपादकाच्या मूडनेच निघतो, तरी आपण घेतोच की.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ
काकू/ताई, तुमच्या बाजूने आहे, पण एक अट. हिपहॉप कणीक मळताना ऐकू नका प्लीज.

केंड्रिक लमारचा २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' तुमच्या यादीत एकोणिसावा आहे. त्यात एक कविता आहे. पहिल्यांदा दोनच ओळी ऐकू येतात. एखाददोन गाणी झाली की तीच कविता पुन्हा, या वेळी ओळी वाढलेल्या. असं करत करत शेवटच्या गाण्यात ती पूर्ण होते, आणि मग कळतं की तो ती टुपाक या रॅपरला वाचून दाखवत होता. टुपाक तर १९९६ लाच गेलेला! त्याच्या जुन्या मुलाखतीतली उत्तरं घेऊन पुढे दोघांचा संवाद रचलाय. गाणी उलटसुलट लावली किंवा शब्द समोर नसले तर यातलं शून्य कळतं. आमच्या ग्रुपमधे लोक "ऐकला, ओके आहे" म्हणून पुढे जातात तेव्हा डोक्यात जातात.

भरतवाक्य
घ्या. म्हणजे हे महाशयही माझ्याच बाजूचे निघाले. शब्द समोर ठेवा, संदर्भ वाचा, मुलाखती शोधा. एका अल्बमला आठवडा गेला. पाचशे आठवडे म्हणजे साडेनऊ वर्षं. तोवर मासिक आणखी दोनदा यादी बदलेल.

आजीची_पेटी
मला दुसरंच सतावतंय. यात आपलं काय आहे? पाचशेत लताबाई नाहीत. आणि याच मासिकाने २०२३ च्या जानेवारीत सर्वोत्तम दोनशे गायकांची यादी काढली, त्यात त्या चौऱ्याऐंशीव्या नंबरवर! नुसरत फतेह अली खानही त्याच यादीत. म्हणजे आवाज मान्य, पण अल्बमच्या यादीत जागा नाही. कारण आपलं गाणं अल्बम म्हणून जन्मालाच येत नव्हतं. सिनेमाची गाणी तीन-तीन मिनिटांच्या तबकडीसाठी, शास्त्रीय मैफलीसाठी, भजन देवळात. एलपीच्या, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डच्या, मापाने जग मोजलं की आपण मापाबाहेरच. असल्या यादीला "जगातले सर्वोत्तम" म्हणवून घेऊ देऊ नये.

मध्यलय
वा, पेटीआजी. +१

कोमल_गंधार
पेटीआजींचा मुद्दा बिनतोड आहे, पण "जन्मालाच येत नव्हतं" एवढं सरसकट नका म्हणू. 'शिवकल्याण राजा' १९७४ ला राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त निघालं, ते सिनेमाचं नाही की मैफलीचं नाही. रेकॉर्ड म्हणूनच बांधलेलं आहे. आणि गीतरामायण? १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी, सगळी कथेच्या क्रमाने. याहून अल्बम तो काय वेगळा असतो?

आता मध्यलय यांच्यासाठी. तुम्हाला या यादीतला एकच सुचवते, जाझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ चा. यादीत एकतिसावा. पहिली रचना 'सो व्हॉट'. चार-चार मात्रांचे सोळा ठेके एका सप्तकावर, मग आठ ठेके सगळं सप्तकच अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा आठ खाली मूळ जागी. ते सप्तक म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर, कोमल गंधार आणि कोमल निषाद. वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं काही नव्हतं, माइल्सनी नुसती चौकट दिली होती. बाकी बढत ज्याची त्याने करायची. दोन बैठकांत सगळा अल्बम झाला. तुम्हाला परका वाटणार नाही.

मध्यलय
स्वर काफीचे म्हणून काफी होत नाही हो. रागाचं चलन कुठाय? आणि षड्जच अर्ध्या स्वराने सरकवला तर तानपुरेवाल्याने काय करायचं? ऐकतो, पण "आपल्यासारखंच आहे" म्हणून नाही ऐकणार. वेगळं म्हणूनच ऐकेन.

तळ्यातमळ्यात
@मध्यलय, हेच तर मी पहिल्यापासून सांगतेय! वेगळं म्हणून ऐकायचं.

एडिसनकर
जाता जाता, "आपलं काय आहे" वरून आठवलं. 'सार्जंट पेपर'च्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं जॉर्ज हॅरिसनचं. बाकीचे तीन बीटल्स त्यात वाजवतच नाहीत. तबला, तानपुरा, दिलरुबा लंडनमधल्या भारतीय वादकांची. मूळ कव्हरवर त्यांची नावं नव्हती, पुष्कळ वर्षांनी लोकांपुढे आली. दिलरुबावाल्यांपैकी एक, अण्णा जोशी! आडनावावरून कोण कुठला ते ठरत नाही, पण नाव वाचून कान टवकारले की नाही?

आजीची_पेटी
टवकारले. आणि डोकंही फिरलं. जगातल्या पहिल्या नंबरच्या रेकॉर्डवर वाजवायचं आणि कव्हरवर नाव नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

भरतवाक्य
मग आपली यादी आपणच करू. शंभर मराठी अल्बम, रेकॉर्ड आणि कॅसेट धरून. मी 'अभंगवाणी'पासून सुरुवात करतो.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ
'आयुष्यावर बोलू काही' पहिल्या पाचात आलंच पाहिजे.

मध्यलय
पहिल्या पाचात??

चहाबाज
झालं. आत्ता आत्तापर्यंत याद्यांच्या विरोधात होते हे.

तळ्यातमळ्यात
ती भांडणं वेगळ्या धाग्यावर करा रे बाबांनो. मी माझा नियम थोडा बदलतेय. तत्त्वज्ञाचं ऐकून हिपहॉप सगळं शब्द समोर ठेवून, रात्री, कामं आटोपल्यावर. बाकीचं ओट्यापाशीच. पण गाणं उडवणार नाही आणि यादी सोडणारही नाही. साडेनऊ वर्षं तर साडेनऊ वर्षं. भरतवाक्य, तुम्ही बदललेली यादी आणून द्या, मी तीही ऐकेन.

कोरी_पाटी
नवीन आहे, भांडणात पडत नाही. मी वरून खाली सुरू केलंय. दुसऱ्या नंबरवर बीच बॉइजचा 'पेट साउंड्स'. ॲपवर मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) आणि स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा) अशा दोन दिसतात, कुठला लावू?

एडिसनकर
मोनो. १९६६ ची मूळ रेकॉर्ड मोनोच होती. ज्याने तो घडवला त्या ब्रायन विल्सनला एका कानाने ऐकूच यायचं नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यातला अल्बम मोनोच. स्टिरिओ पुढे नव्वदीत केली. सायकलचा भोंगा वगैरे ऐकू आला तर दचकू नका, तो वाद्य म्हणूनच घेतलाय. आणि अगदी शेवटी कुत्री भुंकतात, रेल्वे जाते, तेही अल्बममधलंच आहे. खिडकी उघडून बघायला जाऊ नका.